बाळ रडतंय, तो चिडलाय, ती घाबरलीय: लिंगभाव आणि पितृसत्तेचं नातं

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "लिंग निसर्ग देतो आणि लिंगभाव समाज घडवतो, एवढं आम्हाला शिकवलं जातं. मग यात पितृसत्ता नेमकी कुठे येते? लिंगभाव घडवलेलाच असेल, तर बहुतेक ठिकाणी पुरुषच वरचढ कसा? आणि बायकाच बायकांना जाच करतात, त्याचं काय?" त्यांना हे वर्गात मुलांसमोर उभं राहून सांगायचं आहे. मी 22 वर्षं शिक्षक, आरोग्यसेविका, पोलीस, कार्यालयांतले कर्मचारी यांच्यासाठी लिंगभावाची प्रशिक्षणं घेते आहे. म्हणून व्याख्येपासून सुरुवात न करता फळ्यापासून करते.

फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकावर 'बाई' लिहायचं, दुसऱ्यावर 'पुरुष'. समोरचे जे शब्द सुचवतील ते न गाळता लिहीत जायचं. बाईच्या रकान्यात येतं: प्रेमळ, सोशिक, बडबडी, हळवी, नटणं, घरकाम, पाळी, गरोदरपण, अंगावर पाजणं. पुरुषाच्या रकान्यात येतं: कणखर, रागीट, कमावता, दाढी, वीर्य, व्यसन, मालक, वारस, कुटुंबप्रमुख, शेवटचा शब्द त्याचा. फळा भरला की मी फक्त वरची दोन नावं पुसते आणि त्यांची अदलाबदल करते. मग एकेका शब्दावर बोट ठेवून विचारते, हा शब्द या नावाखाली चालेल का?

पाळी, गरोदरपण, वीर्य असे पाचसहा शब्द जागचे हलत नाहीत. ते शरीराचे. बाकी सगळे हलतात. सोशिक पुरुष? हो, पाहिलेत. रागीट बाई? हशा पिकतो, कुणीतरी शेजारच्याला कोपर मारतं. हळवा पुरुष चालतो, कमावती बाई तर हवीच असते. इथवर खोली मोकळी असते. बोट 'वारस'वर आलं की आवाज खाली येतो. 'मालक', 'कुटुंबप्रमुख', 'शेवटचा शब्द' इथे तर लोक खुर्चीत सावरून बसतात. निवृत्तीला आलेले एक अधिकारी एकदा शांतपणे म्हणाले होते, "मॅडम, बाकी सगळं हलवा. तेवढं राहू द्या."

त्यांनी मला माझ्या अनेक वर्षांच्या वाचनापेक्षा जास्त शिकवलं. स्वभावाचे शब्द सहज हलतात, सत्तेचे शब्द हलवताना विरोध होतो. लिंगभाव म्हणजे गुणांची, कामांची, जागांची, वेळेची वाटणी. त्या वाटणीला वरखाली लावून मालमत्ता, नाव आणि निर्णय एकाच बाजूला राखणारी व्यवस्था म्हणजे पितृसत्ता. तिला ही वाटणी लागतेच, कारण माणसांचे आधी दोन ठळक गट पाडल्याशिवाय एकाला दुसऱ्याच्या वर बसवता येत नाही.

आता हे शब्द माणसाला चिकटतात कधी, ते पाहू. मराठीत त्याचा माग व्याकरणातच लागतो. आपण म्हणतो, 'बाळ रडतंय'. बाळ, मूल, लेकरू, सगळे शब्द नपुंसकलिंगी. पण मुलगा की मुलगी हे कळलं की क्रियापद बदलतं: रडतोय, रडतेय. आणि क्रियापदाबरोबर रडण्याचा अर्थही बदलतो. 1976 साली जॉन आणि सँड्रा काँड्री या अमेरिकन संशोधकांनी हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या एका बाळाची फिल्म त्यांनी 200 हून अधिक प्रौढांना दाखवली. झाकण उघडताच डब्यातून बाहुलं उसळतं असं एक खेळणं बाळासमोर येतं, बाळ दचकतं, रडायला लागतं. काही प्रेक्षकांना हा मुलगा आहे असं सांगितलं होतं, काहींना मुलगी आहे असं. फिल्म तीच, बाळ तेच. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग दिसला, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती.

यापुढचं माझं निरीक्षण. चिडलेल्या बाळापुढे आपण ते खेळणं पुन्हा धरतो, 'हे बघ, असं उघडायचं' म्हणतो. घाबरलेल्या बाळाला उचलून कडेवर घेतो. माया दोन्हींकडे तेवढीच असते, तिच्यात खोट काढायची नाही. पण एकाच्या हातात जग दिलं जातं आणि दुसरीला जगापासून दूर नेलं जातं. असे बारीकसारीक प्रसंग दिवसभर घडत राहतात आणि शाळेत नाव घालेपर्यंत आपण छातीठोकपणे सांगू लागतो की मुलगे मुळातच धीट असतात. या घडणीत कुणी दुष्ट माणूस लागत नाही, हे मी दर प्रशिक्षणात मुद्दाम सांगते. नाहीतर समोरचे लगेच स्वतःच्या आईवडिलांची बाजू घ्यायला उठतात आणि चर्चा तिथेच बसते.

रंगांचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते, पण त्यातली एक गोष्ट सुटते. 1918 साली अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला होता की गुलाबी मुलांना घालावा, कारण तो ठाम आणि जोरकस रंग आहे, आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. आजच्या अगदी उलट. पण कारण वाचा. रंग कुठलाही असो, जोरकस तो मुलाचा आणि नाजूक तो मुलीचा, हे आधीच ठरलेलं होतं. रंग ही वरची सजावट. ती पाहिजे तेव्हा उलटते. खालची उतरंड जागेवर राहते.

कामांचंही तेच. 1946 साली एनिॲक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक जगापुढे आला. त्याचं प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी केलं होतं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्र उभारणं हे खरं काम आणि त्याच्याकडून गणितं करून घेणं म्हणजे कारकुनी, असा तेव्हाचा समज. पुढे त्या कामाला पैसा आणि मान आला, तो पुरुषांचा पेशा झाला, आणि मग पुरुषांचा मेंदूच तर्काला चांगला असं कारण त्याला जोडलं गेलं. उलटा प्रवास कार्यालयातल्या कारकुनाचा. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तो पुरुष असे आणि त्या खुर्चीतून वर चढायची वाट असे. टंकयंत्रं आली, त्यांच्यापुढे स्त्रिया बसल्या, आणि वर जाणारी वाट बंद झाली. समाजशास्त्रज्ञ असाफ लेव्हानन, पॉला इंग्लंड आणि पॉल ॲलिसन यांनी 2009 साली अमेरिकेच्या 1950 ते 2000 या काळातल्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की एखाद्या व्यवसायात स्त्रियांचं प्रमाण वाढलं की पुढे तिथला मोबदला उतरतो, शिक्षण आणि कौशल्य जमेस धरूनही.

म्हणून लिंगभाव कुठला आणि पितृसत्ता कुठली असं कुणी विचारलं की मी सांगते, एखादं काम या हातातून त्या हातात जाताना पाहा. 'हे बायकांचं काम' ही पाटी म्हणजे लिंगभाव. पाटी बदलताच पगार आणि मान खाली येतो किंवा वर जातो, ती पितृसत्ता.

घडवलेलं म्हणजे खोटं, असा एक गैरसमज वर्गात हमखास येतो. "मॅडम, समाजानेच केलंय ना, मग उद्यापासून सोडून देऊ." पुन्हा व्याकरणाकडे या. खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी, हे निसर्गात कुठेही लिहिलेलं नाही. तरी 'खुर्ची मोडला' असं म्हणून पाहा, ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. माणसांनी घडवलेले नियम असेच असतात: जन्माआधीपासून चालत आलेले, सगळ्यांच्या कानात बसलेले, एकट्याने मोडले तर मोडणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटायला लावणारे. फरक इतकाच की स्त्रीलिंगी असल्यामुळे खुर्चीच्या वाट्याला काही कमी येत नाही. माणसांच्या बाबतीत येतं.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे आणि तो आमच्या बाजूच्या लोकांचा आहे. सगळं समाजच घडवतो, तर माणूस म्हणजे ओल्या मातीचा गोळा, हवा तसा वळवा. 'लिंगभावाची भूमिका' ही कल्पना 1955 साली शास्त्रीय लिखाणात आणणारे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी नेमके इथे चुकले. कॅनडातल्या एका तान्ह्या मुलाच्या लिंगाला शस्त्रक्रियेत गंभीर इजा झाली होती. मनींच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्या मुलाने ती ओळख कधी स्वीकारली नाही. खरं कळल्यावर किशोरवयात त्याने मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली, आणि 1997 साली हे सगळं उघड झालं. पुढे त्याने आत्महत्या केली. हे सांगताना माझा आवाज आजही जड होतो.

यातून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकले. मी कोण आहे ही आतली जाणीव एक, आणि तू असं असल्यामुळे तुला हे करता येणार नाही हा बाहेरचा हुकूम दुसरा. पहिली बाहेरून लादता येत नाही. ट्रान्स माणसं, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची आतली जाणीव वेगळी असते अशी माणसं, हेच तर सांगत आली आहेत. पितृसत्तेशी भांडण आहे ते दुसऱ्या गोष्टीचं. वर्गात हे मिसळू देऊ नका, नाहीतर एखादं मूल उगाच भरडलं जाईल.

आता "बहुतेक ठिकाणी पुरुषच वरचढ कसा?" हा प्रश्न. मुळात सगळीकडे सारखं नाही. चीनच्या नैर्ऋत्येकडच्या मोसुओ समाजात घर आणि वंश आईकडून चालतो, मुलं आईच्या घरी वाढतात, मामा त्यांना सांभाळतो. पण बहुसंख्य समाज पितृवंशीय झाले हे खरं, आणि त्याला इतिहास आहे. इतिहासकार गर्डा लर्नर यांनी 1986 साली मांडलं की प्राचीन पश्चिम आशियात पितृसत्ता रुजायला इसवी सन पूर्व 3100 ते 600 अशी सुमारे अडीच हजार वर्षं लागली. खाजगी मालमत्ता आली आणि त्यातून स्त्री पराधीन झाली, असं कार्ल मार्क्सचे सहकारी, जर्मन विचारवंत फ्रीडरिक एंगल्स 1884 साली म्हणाले होते. लर्नर यांनी क्रम उलटा लावला: स्त्रीच्या प्रजननावरचा ताबा आधी आला, मालमत्तेची कल्पना नंतर. क्रम कुठलाही धरा, गाठ तीच. जमीन आणि कळप आपल्याच मुलाला मिळावा, तर मूल आपलंच आहे याची खात्री हवी. ती खात्री मिळवायची तर स्त्रीचं येणंजाणं, तिचा देह, तिची सोबत यांवर पहारा हवा. फळ्यावरचा 'वारस' हा शब्द एवढा जड का, त्याचं उत्तर इथे आहे.

मग हे कायद्यात उतरलं. इसवी सन पूर्व अठराव्या शतकातल्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेत कर्ज फेडता न आलेला माणूस बायकोला आणि मुलांना तीन वर्षं दुसऱ्याकडे कामाला जुंपू शकत होता. फार जुनं वाटत असेल तर 1804 ची नेपोलियनची संहिता घ्या: नवऱ्याने बायकोला संरक्षण द्यावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. आणि फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी धरायला आणि बँकेत स्वतःचं खातं उघडायला 1965 उजाडावं लागलं. ही आज हयात असलेल्या बायकांच्या आयुष्यातली गोष्ट आहे. 'बायकांना पैशातलं कळत नाही' हा समज कुठून आला, हे शोधायला मेंदूत डोकावण्याआधी बँकेचे अर्ज पाहावेत.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण अल्बानियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं. तिथे 'बुरनेशा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया होत्या. आता अगदी थोड्या उरल्या आहेत. घरात कर्ता पुरुष राहिला नाही, किंवा ठरवलेलं लग्न नको असेल, तर अशी स्त्री आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घ्यायची. त्यानंतर ती पुरुषाचे कपडे घालायची, बंदूक बाळगायची, पुरुषांच्या बैठकीत बसायची, घराची प्रमुख व्हायची. समाज तिला पुरुष मानायचा. शरीर तेच, पण एका शपथेने लिंगभाव बदलला. लिंगभाव समाज देतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. आणि त्याच वेळी पाहा, पितृसत्तेला ओरखडाही उठला नाही. एक स्त्री सत्तेच्या वरच्या खोलीत गेली, तीही स्वतःचं शरीरसुख आणि मूल होण्याची शक्यता दाराबाहेर ठेवून. खोलीचा नियम तोच राहिला: इथे पुरुषच बसेल. एखाद्या संस्थेत एक स्त्री सर्वोच्च पदावर गेली म्हणून तिथली पितृसत्ता संपली असं मला कुणी सांगतं, तेव्हा मला बुरनेशा आठवतात.

आता बायकाच बायकांना जाच करतात, हा मुद्दा. हा नेहमी 'बघा, पुरुषांचा काय दोष' अशा सुरात येतो, पण यातली वेदना खरी असते, म्हणून टाळू नये. तुर्की समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांडियोती यांनी 1988 साली याला 'पितृसत्तेशी केलेली सौदेबाजी' म्हटलं. तरुण सून परक्या घरात सर्वांत खालच्या पायरीवर येते. मुलगा झाला की एक पायरी वर. तो मोठा झाला, त्याची बायको आली, की अखेर हिच्या हाताखाली कुणीतरी येतं. आयुष्यभर सोसल्याचा परतावा म्हणजे तो अधिकार. म्हाताऱ्या बाईला तो सोडवत नाही, कारण तिच्याकडे दुसरी ठेव नाही. जमीन तिच्या नावावर नाही, पेन्शन नाही, आहे तो फक्त मुलावरचा हक्क. तिला दुष्ट ठरवून काही साधत नाही. पितृसत्ता पुरुषांच्या मनात राहते असं धरलं की सासू समजत नाही. ती घराच्या रचनेत राहते असं धरलं की लगेच समजते.

पुरुषांबद्दल थोडक्यात, पण मनापासून. मुलगा रडतो तेव्हा 'रडतोस काय मुलीसारखा' असं जो म्हणतो, तो एका वाक्यात दोन कामं करतो: मुलाचं दुःख बंद करतो आणि मुलगी असणं हा खालचा दर्जा आहे हे त्याला शिकवतो. व्यवस्थेचा फायदा सगळ्या पुरुषांना थोडाफार मिळतो, पण आदर्श पुरुषाच्या मापात फार थोडे बसतात. बेकार, आजारी, हळवे, गरीब, समलिंगी पुरुष त्या मापाखाली चेपले जातात. जगातल्या जवळजवळ सगळ्याच देशांत आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. मदत मागणं बाईपणाचं वाटतं, याचा त्यात मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. एका प्रशिक्षणात एक पोलीस हवालदार जेवणाच्या सुट्टीत बाजूला येऊन म्हणाले, "वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. आता रडू येतच नाही." तेवढंच बोलून ते ताट घ्यायला गेले.

वर्गात काय करावं, याचं उत्तर आता देता येतं. फळ्याचा खेळ कराच, पण तिथे थांबू नका. त्याला घड्याळाचा खेळ जोडा. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या दोन मोठ्या माणसांचा, एका बाईचा आणि एका पुरुषाचा, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने लिहून आणायचा. प्रश्न नको, मत नको, फक्त नोंद. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार घरातल्या बिनपगारी कामाचे 76.2 टक्के तास स्त्रिया देतात: स्त्रीचे दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं, पुरुषाचे 1 तास 23 मिनिटं. हा आकडा आधी सांगू नका. मुलांच्या कागदांतून तो त्यांचा त्यांना दिसू द्या. 24 ऑक्टोबर 1975 रोजी आइसलंडमधल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी, घरकाम, मुलं सांभाळणं सगळं बंद ठेवलं, तेव्हा सगळ्या देशाला हेच दिसलं होतं. पुढच्याच वर्षी तिथे समान वेतनाशी जोडलेला स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला.

कागद वाचताना एका शब्दाकडे लक्ष ठेवा: 'मदत'. 'बाबा आईला घरकामात मदत करतात' असं जवळजवळ प्रत्येक मूल लिहितं. तिथे थांबून विचारा, मदत कुणाच्या कामात करतात? स्वतःच्या कामात कुणी मदत करतो का? गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात एका मुलीने यावर बराच वेळ विचार केला, मग पेन्सिलीने 'मदत' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'थोडंसं काम'. शेजारच्या मुलाने तिच्या वहीत डोकावून पाहिलं आणि आपल्या कागदावरचा तोच शब्द शोधायला लागला.